चेहरा जुळला नाही

“हिचं तोंड बघूनपण उघडतो की धनाचा फोन,” आई म्हणाली, आणि सोप्यातली सगळी माणसं माझ्याकडं वळली.

सगळी म्हणजे तिघंच. माझे थोरले चुलते, ज्यांना घरात सगळेच तात्या म्हणायचे, ते खुर्चीत बसले होते. त्यांचा मुलगा रणजितदादा फोन हातात घेऊन खिडकीपाशी उभा होता. आणि माझे वडील, अण्णा, दाराच्या चौकटीला टेकून उकिडवे बसले होते. सकाळपासून तसेच. मी भिंतीला पाठ लावून जमिनीवर होते. तात्यांच्या पहिल्या थपडीनं डाव्या कानात जी शिटी वाजायला लागली होती, ती अजून थांबली नव्हती.

आईच्या मनात काही कपट नव्हतं. सकाळपासून ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून एकच विचारत होती, “जिवाचं काही बरंवाईट तर केलं नसंल ना पोरीनं?” आमच्या मागच्या शेतात एक जुनी विहीर होती, आणि तिच्या डोळ्यांसमोर तीच सारखी येत असणार. फोन उघडला की लेक जिवंत आहे का नाही एवढं तरी कळेल, असं तिला वाटलं. म्हणून बोलली.

धनश्री, माझी थोरली बहीण, माझी अक्का, तालुक्याच्या गावी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती. त्या दिवशी नेहमीच्या एसटीनं गेली आणि लॅबमध्ये पोचलीच नाही. लॅबवाल्यांनी अण्णांना फोन केला. त्याच लॅबमध्ये सुमेध नावाचा मुलगा होता, तोही आला नव्हता. सुमेध आमच्या जातीचा नव्हता. ही बातमी आमच्या घरात यायच्या आधी तात्यांच्या घरात पोचली होती.

आईनं अक्काला फोन लावला तर घरातच घुरघुर ऐकू आली. अंथरुणांच्या वळकटीत, गोधडीच्या घडीत फोन होता, आवाज बंद केलेला, नुसता थरथरणारा. अक्कानं तो मुद्दाम मागं ठेवला होता. बरोबर नेला तर माग काढतात, हे तिला माहीत होतं. आणि बंद करून ठेवला असता तर आईनं दुपारच्या आधीच आरडाओरडा केला असता. रिंग जात राहिली की आईला वाटणार, कामात असेल. एवढा विचार तिनं केला होता.

मला सगळं माहीत नव्हतं, पण ती जाणार हे माहीत होतं. आदल्या संध्याकाळी आम्ही दोघी माळवदावर वाळत घातलेल्या मिरच्या गोळा करत होतो.

“कुठं जाणार?” मी विचारलं.

“तुला न्हाई सांगणार.”

“का गं?”

“तुला माहीतच नसलं तर तुझ्याकडनं कोण काय काढणार? मारतील, पण काढणार काय?”

“आणि फोनमधलं?”

“पॅटर्न हाय की. माझ्याबिगर कुणालाच माहीत न्हाई.”

फोन स्वस्तातला होता. अण्णांनी तालुक्यातल्या दुकानातून सणाच्या ऑफरमध्ये आणला होता, वर एक कव्हर फुकट. बॅटरी फुगून पाठीमागचं झाकण एका बाजूनं वर आलेलं. बोटाचा ठसा घ्यायची सोय त्यात नव्हती, पण दुकानदारानं चेहऱ्याचं कुलूप लावून दिलं होतं. नुसतं समोर धरलं की उघडायचा. आणलेल्या दिवशीच आम्हाला कळलं की तो माझ्यासमोर धरला तरी उघडतो. आम्ही दोघी तीन वर्षांच्या अंतराच्या, पण एका साच्यातून काढल्यासारख्या. तेव्हा खूप हसलो होतो. आईलाही दाखवलं होतं, ती म्हणाली होती, “मलाच कळत न्हाई कवाकवा, त्या डबड्याला काय कळणार!” मग पुढं कॉलेज, परीक्षा, अक्काची नोकरी, आणि ती गोष्ट आम्ही दोघी विसरून गेलो. आई विसरली नाही.

रणजितदादाची तालुक्याला मोबाईलची टपरी होती. तो सकाळपासून पॅटर्न लावून बघत होता. पाच वेळा चुकलं की फोन थांबायला सांगायचा. तात्यांनी विचारलं होतं, दुकानात नेऊन उघडता येत नाही का. “येतो की,” तो म्हणाला होता, “पण सगळं पुसून जातं. मग मोकळा डबा घेऊन काय करायचं?”

आता तो माझ्याजवळ येऊन गुडघ्यावर बसला. त्याचा आवाज एकदम मऊ झाला होता.

“सपू, वर बघ जरा.”

मी डोळे गच्च मिटले. फोन समोर धरल्याचं कळलं. मग तो थरथरला, नकार देताना थरथरतो तसा.

“चेहरा जुळला नाही,” रणजितदादानं वाचलं. “डोळं उघड.”

मी गाल फुगवले, ओठ आत ओढले, लहानपणी आरशासमोर करायचो तसं वेडंवाकडं तोंड केलं. तात्या खुर्चीतून उठले. माझी वेणी हाताला गुंडाळून त्यांनी डोकं मागं खेचलं, इतकं की सोप्यावरच्या पत्र्याची भोकं दिसली. फोन पुन्हा थरथरला.

“थांबा, थांबा,” रणजितदादा उभा राहिला. “असं नका करू तात्या. आणखी दोन-तीनदा चुकलं तर हा चेहराच घ्यायचा बंद होईल. मग पॅटर्नबिगर उघडायचा न्हाई. हिला आधी सरळ करा. आणि बंद पण पडू द्यायचा न्हाई, बंद पडून चालू केला तरी तेच.” त्यानं फोन टीव्हीखालच्या फळीवर चार्जिंगला लावला.

मी उठले आणि फळीकडं झेपावले. दोन-तीनदा चुकायला हवं होतं, किंवा फोन बंद करायला हवा होता, एवढंच माझ्या डोक्यात होतं. हात वायरीला लागलाही. तेवढ्यात रणजितदादाची लाथ बरगडीत बसली आणि मी टीव्हीच्या टेबलावर जाऊन आदळले. ओठ फुटला. तोंडात दाताचा तुकडा आला, तो मी हातावर काढून बघितला. मला आठवतं, दुखण्याच्या आधी मला त्याचं नवल वाटलं होतं.

“कुठं गेलीय?” तात्यांनी विचारलं.

“मला माहीत न्हाई.”

“बहीणबहीण एका अंथरुणात निजता, आन तुला माहीत न्हाई?”

“खरंच न्हाई. तिनं सांगितलंच न्हाई.”

त्यांनी कमरेचा पट्टा काढला. घाई न करता काढला, आणि बक्कल हातात घेण्याऐवजी मोकळं सोडलं. मी त्या माराचं वर्णन करत नाही. बक्कल पाठीवर बसायचं तेव्हा आवाज वेगळा यायचा आणि मनगटाच्या हाडावर बसायचं तेव्हा वेगळा, एवढं सांगते. मी चेहरा गुडघ्यांत दडवून बसले होते. गंमत अशी की तेही चेहऱ्यावर मारत नव्हते. सांभाळून मारत होते. चेहरा त्यांना हवा होता.

“तात्या, आपण माणसं पाठवू या स्टँडवर,” अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज विहिरीतून यावा तसा आला.

“कुठल्या स्टँडवर? कोल्हापूरच्या, का पुण्याच्या? का मद्रासला गेलीय?” तात्या धापा टाकत होते. “पत्ता पायजे. पत्ता घावला की एका फोनचं काम हाय.”

ही पोकळ धमकी नव्हती. आमच्या भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर पसरलेली. तात्यांनी स्वतः वीस वर्षं दक्षिणेत दुकान चालवलं होतं. कुठल्याही मोठ्या शहरात त्यांच्या ओळखीचा माणूस निघायचा, आणि तो माणूस त्यांचा शब्द मोडायचा नाही. त्या फोनमध्ये काय होतं हे मला माहीत होतं. सुमेधचा नंबर ‘श्रावणी क्लास’ या नावानं होता. त्या नावाखाली त्या दोघांचं महिनाभराचं बोलणं होतं, कुठं उतरायचं, कुणाच्या खोलीवर राहायचं, सगळं. मी ते वाचलेलं नव्हतं. पण ते तिथं आहे हे मला ठाऊक होतं, आणि ते उघडायची किल्ली माझ्या मानेवर होती.

“पत्ता घावल्यावर काय करणार तुम्ही?” मी विचारलं. कसं कोण जाणे, पण विचारलं.

उत्तर रणजितदादानं दिलं. “दोघांचं एकदमच करू,” तो म्हणाला, आणि खिडकीतून बाहेर थुंकला.

आईनं ते ऐकलं. तोवर तिला वाटत होतं, पोरीला शोधून घरी आणतील, कोंडतील, मारतील, मग कुठंतरी लग्न लावून टाकतील. मी तिच्याकडं बघितलं. तिच्या तोंडावरचा रंग उतरताना मला दिसला. तिनं पदर तोंडात धरला. आपण काय बोलून बसलो हे तिला त्या क्षणी कळलं असावं.

“भावजी,” ती म्हणाली, “पाया पडते.”

तात्यांनी तिच्याकडं असं बघितलं, जणू ती तिथं आहे हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं.

“हिला आण इकडं,” ते रणजितदादाला म्हणाले.

अण्णा अर्धवट उठले. “तात्या, तिला नको. तिचा काय संबंध?”

“तू खाली बस. तुझ्या घरातनं गेलीय पोर, माझ्या न्हाई.”

अण्णा उभेही राहिले नाहीत आणि बसलेही नाहीत. गुडघे वाकवून, हात जोडून मधल्यामधेच राहिले. मग हळूहळू खाली बसले. माझ्या वडिलांना मी त्याआधी वाईट माणूस समजत नव्हते, त्यानंतरही नाही. पण ते खाली बसले.

रणजितदादानं आईला दंडाला धरून सोप्याच्या मधोमध आणलं. तात्यांनी तिचा उजवा हात हातात घेतला, बांगड्या भरायला घ्यावा तसा, आणि करंगळी वेगळी केली.

“दाखवतीस का तोंड?” त्यांनी मला विचारलं.

मी काही बोलायच्या आत त्यांनी ती मागं वाकवली. ओली काडी मोडावी तसा आवाज झाला. आई ओरडली नाही. तिच्या घशातून हवा बाहेर आली फक्त, आणि ती गुडघ्यावर बसली. तात्यांनी हात सोडला नव्हता. शेजारचं बोट धरलं होतं.

“दाखवते!” मी किंचाळले. “दाखवते, सोडा तिला! दाखवते!”

“दाखव की गं सपू,” आई म्हणाली. वेदनेनं तिचे डोळे फिरले होते, ती काय बोलत होती तिला कळत नव्हतं. “दाखव गं बाय.”

रणजितदादा फोन घ्यायला वळला. वायर काढायच्या आधी त्यानं माझ्या हनुवटीला धरून चेहरा उजेडाकडं वळवला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. फुटलेल्या ओठाचं रक्त हनुवटीवरून गळ्यावर गेलं होतं, धूळ लागली होती, केस चिकटले होते.

“असं न्हाई चालायचं,” तो म्हणाला. “एवढं रक्त असलं तर ओळखायचा न्हाई. थोड्याच चान्स राहिल्यात. जा, तोंड धुऊन ये स्वच्छ. केस मागं बांध.”

मागच्या दाराबाहेर आमची न्हाणी होती. उघडीच, चार फरश्या, एक पाण्याची टाकी आणि धुणं धुवायचा मोठा काळा दगड. रणजितदादा दारात उभा राहिला. पळून जायला जागा नव्हती, परड्याला उंच कुंपण होतं. आणि पळाले असते तर आत आईची आणखी बोटं होती.

मी टाकीतून तांब्या भरला. तोंडावर पाणी मारलं. लाल पाणी दगडावरून वाहून गेलं. थंड पाण्यानं डोकं ताळ्यावर आलं. मला आजही कुणी विचारलं की तेव्हा मनात काय होतं, तर मी सांगते, त्याचं वाक्य होतं. असं असलं तर ओळखायचा नाही. तोंड वाकडं केलं तर ते आईला मारणार, कारण तोंड सरळ करणं माझ्या हातात आहे हे त्यांना माहीत. पण ते माझ्या हातातच राहिलं नाही तर? मग आईला मारून काय मिळणार? आदल्या संध्याकाळी मिरच्या गोळा करताना अक्का तेच तर म्हणाली होती.

“झालं का?” रणजितदादानं विचारलं.

“केस बांधते,” मी म्हणाले.

मी केस खरंच बांधले. मग दोन्ही हातांनी दगडाच्या कडा धरल्या आणि जेवढी ताकद होती तेवढ्यानं चेहरा दगडावर आपटला.

पहिल्यांदा भीतीनं मान आपोआप वळली आणि गालाचं हाड लागलं. डोळ्यांसमोर पांढरं झालं. रणजितदादा “ए! ए!” म्हणून धावला. तो चार पावलांवर होता. दुसऱ्यांदा मी मान वळू दिली नाही. नाक मोडलेलं मला कानातून ऐकू आलं. तिसऱ्यांदा आपटलं तेव्हा त्याचा हात माझ्या खांद्यावर पडला होता, त्यामुळं तो घाव कपाळावर, भुवईच्या वर बसला. मग मी फरशीवर आडवी झाले आणि वरून टाकीचं पाणी ठिबकत राहिलं.

“आरं काय केलं हिनं! तात्या! तात्या!”

तात्या आणि अण्णा मागं धावत आले. मला एकाच डोळ्यानं दिसत होतं, तेही लाल फडक्यातून बघावं तसं. तात्यांनी मला काखेत धरून बसवलं. त्यांनी स्वतःच्या पंच्यानं माझं तोंड पुसलं, रगडून रगडून पुसलं. रणजितदादा आत जाऊन फोन घेऊन आला आणि माझ्यासमोर धरला. मी तोंड अजिबात वाकडं केलं नाही. सरळ बघितलं.

फोन थरथरला. त्यानं कोन बदलला, पुन्हा धरला. पुन्हा थरथरला.

“चेहरा जुळला नाही,” तो म्हणाला. “आता नको. एखादी चान्स तरी ठेवली पायजे.”

“म्हणजे?”

“सूज उतरू द्या. चार दिवसांत उतरंल. चार्जिंगला लावून ठेवतो, बंद पडू देत न्हाई.”

तात्यांनी मान हलवली. “बरं,” ते म्हणाले. “कुठं जातीय. उतरू दे.”

दिवाळीचा फराळ झाकून ठेवावा तसं ते बोलत होते. मला वाटलं होतं की मी काहीतरी संपवलं. मी फक्त चार दिवस मिळवले होते. आणि त्या वेळी मला हेही माहीत नव्हतं की चार दिवस अक्काला पुरेसे आहेत का नाहीत.

रणजितदादानं फोन पुन्हा आत नेऊन लावला आणि तो बाहेर आला, कारण माझ्या नाकातून रक्त थांबत नव्हतं आणि तो घाबरला होता. “दवाखान्यात न्यावं लागंल,” तो म्हणत होता. “मेलीबिली तर आपल्यावर यील.” अण्णा माझ्याजवळ बसून माझ्या डोक्याखाली हात घालत होते. तिघंही पुरुष न्हाणीत होते.

तेव्हा आतून आवाज आला. धप्. मग पुन्हा. धप्. मसाला वाटायला बसायच्या आधी आई वरवंटा पाट्यावर ठेवायची तसा, पण मोठा.

तात्यांना आधी कळलं. ते आत पळाले. मला अण्णांनी उचललं होतं, त्यांच्या खांद्यावरून मला सोपा दिसला. आई उंबऱ्याशी बसली होती. फोन उंबऱ्याच्या दगडावर होता, आणि ती दोन्ही हातांनी, त्या मोडलेल्या करंगळीसकट, वरवंटा वर उचलून खाली आणत होती. काच कधीच गेली होती. पुढच्या घावाला फुगलेली बॅटरी फुटली. साप फुत्कारावा तसा आवाज झाला, पांढरा धूर निघाला, आणि मग निळी-पिवळी ज्वाळा भसकन वर आली, आईच्या हातांवर, कोपरापर्यंत. तिनं वरवंटा सोडला नाही. पदराला लागलेली आग तिनं मांडीवर आपटून विझवली आणि त्या जळत्या वस्तूवर आणखी एक घाव घातला.

“सटवे!” तात्या तिच्या अंगावर गेले.

आई उठून उभी राहिली. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती तात्यांसमोर कधी डोक्यावरचा पदर खाली येऊ द्यायची नाही. आता तो पदर जळून खांद्यावर लोंबत होता. हाताची कातडी काळी-लाल झाली होती. वरवंटा तिनं खांद्याजवळ धरला होता.

“या की पुढं, भावजी,” ती म्हणाली. “या.”

तात्या थांबले. ते तिच्या हाताकडं बघत होते, तोंडाकडं नाही. सोप्यात जळक्या प्लास्टिकचा इतका उग्र वास भरला होता की सगळे खोकत होते. मग अण्णा, मला तसंच खांद्यावर घेऊन, त्या दोघांच्या मधून चालत गेले. तात्यांना त्यांचा धक्का लागला. “सरक,” अण्णा त्यांना म्हणाले. थोरल्या भावाशी ते आयुष्यात पहिल्यांदा एकेरीत बोलले होते. “चल गं,” ते आईला म्हणाले.

गावातल्या एका रिक्षातून आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. वाटेत अण्णा एकदाच बोलले, “पडली म्हणून सांगू या.” पण डॉक्टरबाईंनी विचारलं तेव्हा आई म्हणाली, “पडली न्हाई. माझ्या दिरानं आन पुतण्यानं मारलं. माझं बोटबी त्यांनीच मोडलं. लिहून घ्या.” अण्णा भिंतीकडं बघत होते. थोड्या वेळानं तेही म्हणाले, “लिहून घ्या.”

पोलीस आले. एका महिला हवालदारानं माझा जबाब घेतला. चेहऱ्याला काय झालं असं तिनं विचारलं, तेव्हा मी खरं सांगितलं, की ते मीच केलं. तिची लेखणी थांबली. मग तिनं जसंच्या तसं लिहिलं.

वॉर्डात माझ्या आणि आईच्या खाटा शेजारी शेजारी होत्या. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत बांधलेले, माझं सगळं तोंड बांधलेलं. माझ्याकडं वळताना तिला त्रास होत होता, तरी ती वळली.

“सपू, कुठं असंल गं ती?”

“मला खरंच माहीत न्हाई, आई.”

“बरं हाय,” ती म्हणाली. मग, “कधी कळलं तर मला सांगू नकोस. माझं तोंड राहात न्हाई.”

अक्का आणि सुमेध वाचले. त्यांनी दुसऱ्या राज्यात लग्नाची नोंदणी केली, तिथल्या पोलिसांत अर्ज देऊन ठेवला. पाच-सहा महिन्यांनी माझ्या कॉलेजच्या एका मैत्रिणीमार्फत तिचा निरोप आला आणि मग आम्ही बोलायला लागलो. केस चालली. रणजितदादाला शिक्षा झाली, तात्या आजारपणामुळं बहुतेक काळ जामिनावर राहिले. आम्ही तिघं गाव सोडून कराडला मामाच्या आधारानं राहायला आलो. अण्णांनी भाड्याची रिक्षा घेतली. माझं नाक वाकडंच जुळलं आणि एका गालात खड्डा राहिला. लग्नाच्या बाजारात त्याचं काय झालं ती वेगळी गोष्ट आहे, आणि मला त्यात फारसं दुःख नाही.

या सगळ्या काळात आईनं मला एकदाही विचारलं नाही. मी कुणाशी तरी दार लावून बोलते हे तिला कळत होतं. मी बाहेर आले की ती माझ्या तोंडाकडं बघायची, मी हसत असले की पुन्हा कामाला लागायची. अक्काला मुलगी झाली तेव्हा मी पेढे आणले. “कशाचे?” असं अण्णांनी विचारलं. आईनं त्यांच्या हातात पेढा ठेवला आणि म्हणाली, “खावा की गप.”

तात्या गेल्याचा निरोप आला त्या दिवशी अण्णा गावी गेले. आई गेली नाही. दुपारी ती माझ्यासमोर येऊन बसली. तिच्या हातांवरची कातडी तेव्हापासून मेणासारखी चकाकते, बोटं पूर्ण वळत नाहीत.

“आता लाव,” ती म्हणाली.

मी नंबर लावला आणि फोन तिच्या कानाशी धरला. पलीकडून अक्काचा आवाज येत होता, “बोल सपू. सपू? अगं बोल की.” अक्का फोन ठेवणार एवढ्यात आई म्हणाली,

“धना, त्या दिवशी मीच बोलले गं. त्यांना मीच सांगितलं.”

अक्का काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. आईनं फोन माझ्या हातातून काढून दोन्ही तळव्यांत धरला होता, आणि ती सारखी मान हलवत होती, लेक समोर बसली असावी तशी.